पार्थपुरची कूपिका आणि कॅल्क्युलेटरची कळ

दहावीच्या वर्गात संभाव्यतेचा धडा सुरू झाला की पहिले दोनतीन तास मजेत जातात. नाणे उडवायचे, फासा टाकायचा, पिशवीतून रंगीत चेंडू काढायचे. पुढे 'चाळीस मुलांतून दोघांची निवड' असे उदाहरण आले की वर्ग थबकतो. नमुना अवकाश लिहायला वही पुरत नाही. वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाजवळ शास्त्रीय कॅल्क्युलेटर असतो आणि त्यावर 'एनसीआर' अशी कळ असते. तो कळ दाबतो आणि ७८० हे उत्तर सांगतो. उत्तर बरोबर असते. पण '७८०च का?' असे विचारले तर तो पुन्हा त्या कळेकडेच बोट दाखवतो.

कॅल्क्युलेटर वर्गात आणू द्यावा की नाही, असे शिक्षक आम्हाला वारंवार विचारतात. शालान्त परीक्षेत तो चालत नाही, मग सवय कशाला लावायची, असे काहींचे म्हणणे. उद्या सगळे हिशेब यंत्रच करणार, मग मुलांना का छळायचे, असे दुसऱ्यांचे. या वादात शिरण्यापूर्वी आपण परभणी जिल्ह्यातल्याच एका गावी, साडेचारशेहून अधिक वर्षे मागे जाऊन येऊ. गाव पाथरी आणि साल इ. स. १५४१. शाळकरी गणित, निवडींची मोजणी आणि 'का?' हा प्रश्न या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र भेटतात.

ज्ञानराज आणि सूर्यपंडित

जुन्या संस्कृत ग्रंथांत गोदावरीच्या उत्तरेकडील 'पार्थपुर' या गावाचा उल्लेख येतो. पार्थपुर म्हणजेच आजची पाथरी, असे अभ्यासक मानतात. तेथे ज्ञानराज नावाचे ज्योतिषी होऊन गेले. शके १४२५, म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास त्यांनी 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांचा जन्म १५०७-०८ चा. त्यांना सूर्यपंडित किंवा दैवज्ञ सूर्य असेही म्हणतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या मराठी ग्रंथात या पितापुत्रांची माहिती मिळते. दीक्षित स्वतः शाळामास्तर होते आणि पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवीत, हे शिक्षक वाचकांना सांगायला हवे.

सूर्यपंडितांचा काळ निवांत नव्हता. त्यांचे वय दहाच्या आसपास असताना, १५१८ मध्ये, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडून घेतली. निजामशाही घराण्याचे मूळ पुरुष पाथरीचे, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्यामुळे गावावरचा हक्क हा मानाचा प्रश्न झाला होता आणि पुढची काही वर्षे पाथरीसाठी चढाया होत राहिल्या. अशा गावात बसून या माणसाने शके १४६० (१५३८) मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली आणि तीन वर्षांनी, शके १४६३ (१५४१) मध्ये, 'लीलावती'वर 'गणितामृतकूपिका'.

सूर्यपंडित कवीही होते. त्यांचे 'रामकृष्णविलोमकाव्य' सुलट वाचले तर रामाची कथा आणि उलट वाचले तर कृष्णाची. अक्षरांची मांडणी उलटसुलट करून पाहणाऱ्या माणसाला मांडण्या आणि निवडी मोजणारे गणित आवडले नसेल तरच नवल.

चारच वर्षांनी, १५४५ मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' लिहिली. नियमामागची कारणे, म्हणजे उपपत्ती, देण्यासाठी ती नावाजलेली आहे. मूळ 'लीलावती' शके १०७२ ची, म्हणजे ११५० ची. चारशे वर्षांपूर्वीच्या एका पाठ्यपुस्तकावर घाटावर आणि कोकणात एकाच दशकात दोन टीका लिहिल्या जाव्यात, याचा अर्थ ते पुस्तक तेव्हा शिकवले जात होते आणि शिकवताना अडत होते. अडत होते, म्हणूनच टीका हवी होती.

आठ झरोके, सहा रस

'लीलावती'तले एक उदाहरण आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. राजाच्या सुंदर वाड्याला आठ 'मूषा' आहेत. या शब्दाचा अर्थ कोणी झरोका करतात, कोणी दार. आपण झरोका घेऊ. एका वेळी एक, दोन, तीन असे कितीही झरोके उघडे ठेवता येतात. तर उघडण्याचे प्रकार किती? याला जोडूनच दुसरा प्रश्न आहे. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू या सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे मिसळून पदार्थ केले, तर किती प्रकार होतील? दुसरा प्रश्न भास्कराचार्यांहून फार जुना आहे. सहा रसांचे ६३ भेद सुश्रुतसंहितेतही मोजलेले आहेत.

भास्कराचार्यांची रीत अशी. वरच्या ओळीत ८ पासून १ पर्यंत उतरते अंक लिहा आणि त्यांच्याखाली १ पासून ८ पर्यंत चढते.

८ ७ ६ ५ ४ ३ २ १
१ २ ३ ४ ५ ६ ७ ८

पहिला वरचा अंक खालच्या अंकाने भागा. आलेल्या उत्तराला पुढच्या वरच्या अंकाने गुणा आणि त्याच्या खालच्या अंकाने भागा. असेच पुढे चला. उत्तरे येतात ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८, १. एक झरोका उघडण्याचे ८ प्रकार, दोन उघडण्याचे २८, तीन उघडण्याचे ५६ आणि असेच पुढे. बेरीज २५५. सहा रसांसाठी हीच रीत केली की ६, १५, २०, १५, ६, १ येतात आणि बेरीज ६३.

आता 'का?' दोन झरोके निवडायचे तर पहिला आठांपैकी कोणताही आणि दुसरा उरलेल्या सातांपैकी कोणताही. ८ × ७ = ५६. पण आधी पूर्वेचा उघडून मग पश्चिमेचा उघडला काय किंवा आधी पश्चिमेचा आणि मग पूर्वेचा उघडला काय, जोडी एकच. प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली, म्हणून २ ने भागायचे. जोड्या २८. प्रत्येक जोडीला तिसरा झरोका उरलेल्या सहांतून जोडता येतो. २८ × ६ = १६८. पण तीन झरोक्यांच्या एकाच गटात 'शेवटी जोडलेला' तिघांपैकी कोणीही असू शकतो. म्हणून तोच गट तीनदा मोजला गेला. १६८ ÷ ३ = ५६.

खालच्या ओळीतला प्रत्येक अंक हा असा किती वेळा जास्त मोजले याचा हिशेब आहे. एवढे समजले की सूत्र विसरले तरी बिघडत नाही.

साध्या कॅल्क्युलेटरवर

या रीतीची खुबी साध्या, आठ अंक दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर चांगली दिसते. किराणा दुकानात गल्ल्याजवळ पडलेला असतो तोच. त्यावर एनसीआरची कळ नसते.

पाठ्यपुस्तकातले सूत्र क्रमगुणिताचे आहे. ४० मुलांतून ६ निवडायची तर ४० चे क्रमगुणित काढून त्याला ६ आणि ३४ यांच्या क्रमगुणितांच्या गुणाकाराने भागायचे. साध्या कॅल्क्युलेटरवर १० चे क्रमगुणित ३६२८८०० बसते, ११ चे ३९९१६८०० जेमतेम बसते. १२ चे ४७९००१६०० नऊ अंकी आहे, म्हणून यंत्र चूक झाल्याची खूण दाखवून थांबते. ४० चे क्रमगुणित तर ४८ अंकी आहे. शास्त्रीय कॅल्क्युलेटरही साधारणपणे ६९ च्या पुढे जात नाही.

आता भास्कराचार्यांच्या रीतीने, गुणून लगेच भागत चला.

४० ÷ १ = ४०
४० × ३९ ÷ २ = ७८०
७८० × ३८ ÷ ३ = ९८८०
९८८० × ३७ ÷ ४ = ९१३९०
९१३९० × ३६ ÷ ५ = ६५८००८
६५८००८ × ३५ ÷ ६ = ३८३८३८०

उत्तर ३८ लाख ३८ हजार ३८०. यंत्र कोठेही अडले नाही आणि मध्ये अपूर्णांकही आला नाही. सगळे गुणाकार आधी आणि भागाकार शेवटी केले असते, तर शेवटच्या पायरीला दहा अंकी संख्या येऊन यंत्र थांबले असते. उलट आधी भागून मग गुणले असते, तर ३७ ÷ ४ सारख्या ठिकाणी दशांश आले असते आणि काही ठिकाणी ते तुटलेही असते.

मध्ये अपूर्णांक का येत नाही, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. उत्तर वर आलेलेच आहे. मधली प्रत्येक संख्या स्वतः एक मोजणी आहे. ९८८० म्हणजे तिघांच्या गटांची संख्या. गट अर्धा असू शकत नाही.

धूळपाटी

या गणिताला आपल्याकडे पाटीगणित म्हणत. पाटी म्हणजे फळी. तिच्यावर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने आकडे मांडत आणि हिशेब पुढे जाईल तसे जुने आकडे पुसून नवे लिहीत. धुळाक्षरे गिरवणे हा शब्दप्रयोग मराठीत आजही आहे.

म्हणजे धूळपाटी आणि कॅल्क्युलेटर यांच्यात एक मोठे साम्य आहे. दोन्हींवर मागची पायरी उरत नाही. वर ७८० आले आणि पुढच्या दोन कळा दाबताच ते गेले. शेवटी फक्त उत्तर राहते. हिशेब कोठे चुकला, का चुकला किंवा का बरोबर आला, हे सांगणारा पुरावा त्या पाटीवर नसतो.

जुन्या पंडितांनी ही अडचण ओळखली होती. 'लीलावती'च्या गद्य भागात आणि टीकांमध्ये उदाहरणानंतर 'न्यास' येतो. न्यास म्हणजे दिलेल्या संख्या मांडून दाखवणे. त्यानंतर मिळालेले फळ सांगितले जाते. आज आपण 'दिलेले', 'रीत' आणि 'उत्तर' अशा तीन ओळी वहीत लिहायला लावतो, तीच ही शिस्त. पद्यातला नियम दोन ओळींचा, पाठ करायला सोपा, पण आत काय आहे ते कळायला अवघड. पाठ केलेला श्लोक ही त्या काळची कळच होती. टीकाकार ती उघडून आतले यंत्र दाखवीत असे. सूर्यपंडित हे काम करीत होते आणि शिक्षक रोज तेच करतो.

मोजणी होती, मग संभाव्यता?

एवढी मोजणी येत होती, तर संभाव्यतेचे गणित आपल्याकडे का तयार झाले नाही, असे चौकस विद्यार्थी विचारतात. फासे तर महाभारतापासून आहेत. वनपर्वातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे अंदाजाने सांगतो आणि नळ ती मोजून पाहतो. हाच राजा नळाला फाशांची विद्या देतो. बेहड्याची फळे त्या काळी फाशांसारखी वापरत. अंदाज, मोजणी आणि जुगार हे तिघे त्या कथेत एकाच झाडाखाली भेटतात. तरीही 'लीलावती'त झरोके मोजल्यावर 'तीनच उघडे असण्याची शक्यता किती?' असा प्रश्न येत नाही.

सूर्यपंडितांच्याच पिढीतला एक माणूस इटलीत हा प्रश्न विचारीत होता. जेरोलामो कार्दानो, जन्म १५०१, धंद्याने वैद्य आणि पक्का जुगारी. 'बुद्धिविलासिनी' लिहिली गेली त्याच १५४५ साली त्याचा बीजगणितावरचा 'आर्स माग्ना' हा ग्रंथ छापला गेला. फाशांवरही त्याने एक पुस्तिका लिहिली. दोन फाशांचे ३६ प्रकार सारख्याच शक्यतेचे आहेत, हे त्याने ओळखले होते. पण ती पुस्तिका छापली गेली १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

तोवर फ्रान्समध्ये ब्लेझ पास्काल आणि पिएर द फर्मा यांनी १६५४ मध्ये पत्रांतून हा विषय उभा केला होता. प्रश्न असा. दोघांनी प्रत्येकी ३२ मोहरा लावल्या, तीन डाव आधी जिंकेल त्याला सगळ्या. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मोडला. ६४ मोहरा कशा वाटायच्या? अजून जास्तीत जास्त दोन डाव लागतील. त्यांचे निकाल चार प्रकारे लागू शकतात आणि त्यांतल्या तीन प्रकारांत पहिला जिंकतो. म्हणून पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६.

मौज अशी की बेरीज-वजाबाकीचे यंत्रही याच पास्कालचे. वडिलांना करवसुलीचे हिशेब करावे लागत, त्यांचे श्रम वाचावेत म्हणून १६४२ मध्ये, ऐन तारुण्यात, त्याने ते बनवायला घेतले. म्हणजे आजच्या कॅल्क्युलेटरचा एक पूर्वज आणि संभाव्यतेचे गणित ही दोन्ही एकाच घरातली. पण यंत्राने संभाव्यता शोधली नाही. ४८ आणि १६ या उत्तरासाठी यंत्राची गरजच नव्हती. गरज होती ती 'हे चारही प्रकार सारख्याच शक्यतेचे आहेत' हे पाहणाऱ्या डोळ्यांची.

हीच 'लीलावती'च्या पुढची पायरी. सहा रसांचे ६३ प्रकार आहेत, म्हणून आज ताटात नुसता गोड पदार्थ येण्याची शक्यता ६३ पैकी १ असे म्हणता येत नाही. कोणी चिठ्ठ्या टाकून स्वयंपाक करीत नाही. झरोक्यांचेही तसेच. प्रत्येक झरोक्यासाठी नाणे उडवून तो उघडा की बंद हे ठरवले, तरच सगळे प्रकार समान शक्यतेचे होतात. आणि मग ते २५५ नसतात, २५६ असतात, कारण सगळे झरोके बंद हाही एक प्रकार धरावा लागतो. तीनच उघडे असण्याची संभाव्यता ५६ ÷ २५६ = ०.२१८७५. छेदात २५५ की २५६, हे कॅल्क्युलेटर सांगत नाही. प्रश्न वाचणाऱ्याने ते ठरवायचे असते.

वर्गातला एक तास

हे सगळे एका तासात दाखवण्यासाठी आम्ही पुढचे उदाहरण सुचवतो. वर्गात ४० विद्यार्थी, २२ मुली आणि १८ मुलगे. चिठ्ठ्या टाकून दोन मॉनिटर निवडायचे. दोघीही मुली, दोघेही मुलगे किंवा एक मुलगी व एक मुलगा, असे तीन निकाल. आधी मुलांना उत्तराचा अंदाज विचारा. बरीच मुले 'तीनपैकी एक' म्हणतील. ते फळ्यावर लिहून ठेवा, खोडू नका.

मग मोजा. एकूण जोड्या ४० × ३९ ÷ २ = ७८०. मुलींच्या जोड्या २२ × २१ ÷ २ = २३१. मुलग्यांच्या १८ × १७ ÷ २ = १५३. मिश्र जोड्या २२ × १८ = ३९६. इथे २ ने का भागले नाही, हे मुलांनाच सांगू द्या. २३१ + १५३ + ३९६ = ७८०. हिशेब जुळला.

आता कॅल्क्युलेटर हाती द्या. २३१ ÷ ७८० = ०.२९६१५३८, १५३ ÷ ७८० = ०.१९६१५३८ आणि ३९६ ÷ ७८० = ०.५०७६९२३. मिश्र जोडीची शक्यता निम्म्याहून अधिक निघाली. तीनपैकी एक हा अंदाज का फसला, ते आता मुलांना दिसते. निकाल तीन आहेत, पण ते सारख्या शक्यतेचे नाहीत.

शेवटी तिन्ही दशांश अपूर्णांकांची बेरीज करायला सांगा. येईल ०.९९९९९९९. एक यायला हवा होता, मग उरलेला एक कोटीवा भाग गेला कोठे? आठ अंकांत न मावणारी शेपटी यंत्राने छाटली, हे वर्गात कोणीतरी नक्की ओळखेल. अपूर्णांकांत मांडले तर बेरीज ७८० ÷ ७८० = १ अशी नेमकी येते. यंत्र चुकले नाही, त्याने त्याच्या जागेत मावेल तेवढे सांगितले. कोणत्या उत्तरावर किती विसंबायचे, हे शिकवायला यापेक्षा स्वस्त साधन आम्हाला माहीत नाही.

शेवटी

तर कॅल्क्युलेटर वर्गात यावा की नाही? आमचे उत्तर असे की यावा, पण न्यासानंतर यावा. आधी प्रश्न मांडावा, काय मोजायचे आणि कोणते प्रकार समान शक्यतेचे हे ठरवावे, अंदाज लिहावा आणि मग कळ दाबावी. मधल्या पायऱ्या वहीत उतराव्यात, कारण पाटीवर त्या उरणार नाहीत.

सूर्यपंडितांनी आपल्या टीकेला 'कूपिका' म्हटले. कूपिका म्हणजे लहानशी विहीर किंवा कुपी. गीतेवरच्या त्यांच्या टीकेचे नाव 'परमार्थप्रपा', म्हणजे परमार्थाची पाणपोई. पाण्याची किंमत जाणणाऱ्या मुलखातल्या या माणसाला समजावून सांगणे म्हणजे तहानलेल्याला पाणी देणे वाटले असावे. कॅल्क्युलेटर हा पोहरा आहे. तो हलका आहे, झटकन वर येतो आणि सगळ्यांच्या हाती आहे. पण आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? तो आड भरलेला ठेवण्याचे काम १५४१ मध्ये पाथरीत एकाने केले. आज ते परभणी जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्याही प्रत्येक गणित शिक्षकाकडे आले आहे.